तारेचा 'नंबर' आणि चौरस मिलिमीटरचा हिशेब

मेळघाटच्या अंतरंगात, सिपना नदीच्या काठी वसलेले सेमाडोह पर्यटकांना ठाऊक असते ते वन विभागाच्या संकुलासाठी आणि व्याघ्र प्रकल्पातल्या मुक्कामासाठी. परतवाडा-धारणी मार्गावरच्या या गावात विजेच्या फिटिंगचे काही सामान हवे असले, तर घाटवाटेने परतवाड्याची बाजारपेठ गाठावी लागते. चुकीची वस्तू आली, तर ती बदलण्यासाठी पुन्हा तेवढाच प्रवास आणि तेवढाच दिवसाचा खर्च. अशा ठिकाणी वायरमनच्या चिठ्ठीवर लिहिलेले दोन आकडे नेमके काय सांगतात, हा प्रश्न केवळ शास्त्रीय कुतूहलाचा राहत नाही.

अडचण अशी, की एकाच तारेविषयी तीन भाषांत बोलले जाते. जुना वायरमन 'तीन-बावीस', 'सात-वीस' अशी मागणी नोंदवतो. दुकानातल्या वेटोळ्यावर मात्र १.५ चौरस मिलिमीटर, २.५ चौरस मिलिमीटर असे छापलेले असते. सौरदिव्यांच्या संचाबरोबर आलेल्या परदेशी माहितीपत्रकात तिसराच 'बारा नंबर' असतो आणि तो वायरमनच्या बारा नंबराशी जुळत नाही. पहिली भाषा ब्रिटिश, दुसरी मेट्रिक आणि तिसरी अमेरिकन. या तिन्हींचा मेळ घालणे फारसे कठीण नाही. परंतु तो न घालता अंदाजाने काम केले, तर दिवे मंदावतात, मोटारी जळतात आणि प्रसंगी भिंतीतली तार तापून आग लागते.

नंबर वाढतो, तार बारीक होते

तारेच्या नंबरांविषयी सर्वसामान्य माणसाला पहिला प्रश्न पडतो तो त्यांच्या उलट्या चालीचा. आठ नंबरची तार जाड आणि बावीस नंबरची बारीक, असे का? याचे उत्तर तार बनवण्याच्या पद्धतीत दडलेले आहे. सोनार सोन्या-चांदीची तार काढताना 'जंतर' वापरतो. जंतर म्हणजे एकापेक्षा एक लहान छिद्रे असलेली पोलादी पट्टी. मोठ्या छिद्रातून ओढलेली तार पुढच्या लहान छिद्रातून, मग त्याहून लहान छिद्रातून ओढली जाते. जितक्या वेळा ओढावी, तितकी ती बारीक. युरोपातील तारेच्या कारखान्यांतही हीच रीत होती आणि ओढण्याच्या क्रमावरूनच तारेला नंबर मिळत गेला. नंबर हे मूळचे माप नव्हे. तो कामाचा क्रमांक होता.

साहजिकच प्रत्येक कारखान्याचे जंतर वेगळे आणि नंबरही वेगळे. एकोणिसाव्या शतकातील इंग्लंडमध्ये एकाच नंबराच्या नावाखाली निरनिराळ्या जाडीच्या तारा विकल्या जात. तारायंत्र आणि पाठोपाठ वीज आल्यावर हा गोंधळ परवडण्यासारखा राहिला नाही. अखेर १८८३ मधील आदेशानुसार १ मार्च १८८४ पासून ब्रिटनमध्ये 'स्टँडर्ड वायर गेज', म्हणजे एसडब्ल्यूजी, हे कायदेशीर माप झाले. त्यात सर्वांत जाड तार अर्ध्या इंचाची, तर ५० नंबरची तार एका इंचाच्या हजाराव्या भागाएवढी. मधल्या पायऱ्या मात्र एकाच गणिती सूत्रात बसत नाहीत. त्यामुळे ब्रिटिश नंबराचे मेट्रिक माप काढायचे असेल, तर कोष्टक पाहण्याला पर्याय नाही.

अमेरिकेने स्वतंत्र वाट धरली. तेथील ब्राऊन अँड शार्प या कंपनीने १८५७ मध्ये आणलेली मालिका पुढे 'अमेरिकन वायर गेज', म्हणजे एडब्ल्यूजी, म्हणून रूढ झाली. तिची रचना काटेकोर आहे. ३६ नंबरचा व्यास ०.१२७ मिलिमीटर धरला आहे आणि चार शून्यांच्या सर्वांत जाड तारेचा व्यास त्याच्या ९२ पट आहे. या दोहोंमध्ये ३९ समान गुणोत्तराच्या पायऱ्या आहेत. परिणामी दर पायरीला व्यास सुमारे १.१२३ पटीने बदलतो. यातून लक्षात ठेवण्याजोगा नियम मिळतो : अमेरिकन नंबर तीनने उतरला की तारेचे क्षेत्रफळ जवळपास दुप्पट होते आणि सहाने उतरला की व्यास दुप्पट होतो. शहरी वाचकाच्या घरीही ही भाषा आलेली आहे. संगणकाच्या जाळ्यासाठी वापरली जाणारी केबल बहुधा २४ नंबरची असते. मोबाईलच्या चार्जिंग केबलवर बारीक अक्षरांत छापलेले २४ किंवा २८ हेही अमेरिकन नंबरच. २४ नंबरच्या तारेचे क्षेत्रफळ सुमारे ०.२० चौरस मिलिमीटर आणि २८ नंबरचे ०.०८. एकाच चार्जरवर एक केबल फोन लवकर भरते आणि दुसरी रेंगाळते, यामागे अनेकदा हा अडीचपटीचा फरक असतो.

कायदा बदलला, बोली उरली

स्वतंत्र भारताने १९५६ मध्ये वजन-मापांच्या प्रमाणीकरणाचा कायदा केला. १ एप्रिल १९५७ रोजी नवे पैसे आले आणि १ ऑक्टोबर १९५८ पासून मेट्रिक वजन-मापांचा टप्प्याटप्प्याने अंमल सुरू झाला. शेर, मण, तोळा हळूहळू मागे पडले. विजेच्या तारांसाठीही भारतीय मानकांनी चौरस मिलिमीटर स्वीकारले. घरगुती पीव्हीसी तारांचे मानक आयएस ६९४ आणि वाहकांचे मानक आयएस ८१३० ही दोन्ही याच मापात बोलतात. खुद्द ब्रिटनमध्येही १९७० च्या सुमारास मेट्रिक केबल रूढ झाली.

तथापि कारागिराची बोली कायद्याने बदलत नाही. हाताखाली शिकणाऱ्या मुलाने उस्तादाकडून 'सात-वीस' ऐकले, पुढे त्याने तेच आपल्या शिष्याला सांगितले. सरकारी अंदाजपत्रकांतही अर्थिंगसाठी '८ एसडब्ल्यूजी जीआय तार' हा शब्दप्रयोग टिकून राहिला. जुन्या इमारतींच्या भिंतींत तर प्रत्यक्ष जुनी तारच आहे. म्हणून भाषांतर अटळ ठरते.

'तीन-बावीस' वाचावे कसे?

जुन्या नावातील पहिला आकडा म्हणजे तारेच्या आत किती पदर आहेत, हे सांगतो. दुसरा आकडा प्रत्येक पदराचा ब्रिटिश नंबर असतो. तेव्हा ३/२२ म्हणजे २२ नंबरचे तीन पदर आणि ७/२० म्हणजे २० नंबरचे सात पदर. मेट्रिक माप काढण्यासाठी तीन पायऱ्या पुरतात. कोष्टकातून एका पदराचा व्यास मिलिमीटरमध्ये घ्यावा. व्यासाचा वर्ग करून त्याला ०.७८५४ ने गुणावे. हे एका पदराचे क्षेत्रफळ. मग त्याला पदरांच्या संख्येने गुणावे.

उदाहरणार्थ, २२ नंबरचा व्यास ०.७११ मिमी. त्याचा वर्ग सुमारे ०.५०६ आणि क्षेत्रफळ ०.३९७ चौ. मिमी. तीन पदरांचे मिळून झाले १.१९ चौ. मिमी. नेहमी लागणारे ब्रिटिश नंबर पुढीलप्रमाणे :

८ नंबर : व्यास ४.०६ मिमी, क्षेत्रफळ १२.९७ चौ. मिमी
१० नंबर : व्यास ३.२५ मिमी, क्षेत्रफळ ८.३० चौ. मिमी
१२ नंबर : व्यास २.६४ मिमी, क्षेत्रफळ ५.४८ चौ. मिमी
१४ नंबर : व्यास २.०३ मिमी, क्षेत्रफळ ३.२४ चौ. मिमी
१६ नंबर : व्यास १.६३ मिमी, क्षेत्रफळ २.०८ चौ. मिमी
१८ नंबर : व्यास १.२२ मिमी, क्षेत्रफळ १.१७ चौ. मिमी
२० नंबर : व्यास ०.९१ मिमी, क्षेत्रफळ ०.६६ चौ. मिमी
२२ नंबर : व्यास ०.७१ मिमी, क्षेत्रफळ ०.४० चौ. मिमी

यावरून जुन्या वायरिंगमधील प्रचलित तारांची क्षेत्रफळे अशी येतात : १/१८ ची १.१७, ३/२२ ची १.१९, ३/२० ची १.९७, ७/२२ ची २.७८, ७/२० ची ४.६०, ७/१८ ची ८.१७ आणि ७/१६ ची १४.५ चौ. मिमी.

बाजारात मिळणारी मेट्रिक मापे मात्र ठरावीक आहेत : १, १.५, २.५, ४, ६, १०, १६. जुने क्षेत्रफळ यांपैकी एकाशीही तंतोतंत जुळत नाही. अशा वेळी सुरक्षित नियम एकच. जवळचे माप न घेता वरचे घ्यावे. त्यानुसार १/१८ आणि ३/२२ च्या जागी १.५, ३/२० च्या जागी २.५, ७/१८ च्या जागी १० आणि ७/१६ च्या जागी १६ चौ. मिमी. तार येते. खरा मोह होतो तो ७/२२ आणि ७/२० च्या बाबतीत. ७/२२ ऐवजी २.५ ची तार घातली, तर क्षेत्रफळ दहा टक्क्यांनी घटते. ७/२० ऐवजी ४ ची घातली, तर तेरा टक्क्यांनी. भार कमी असेल तर हे चालून जाते. पण मग त्या तारेच्या संरक्षणासाठी असलेला फ्यूज किंवा एमसीबीही नव्या, कमी क्षेत्रफळाच्या तारेला साजेसा असला पाहिजे. जुना एमसीबी तसाच ठेवून तार तेवढी बारीक करणे, ही आगीला दिलेली सवलत ठरते.

एका टिंबाचा घोटाळा

या सगळ्यात सर्वाधिक फसवणारे नाव आहे 'एक-अठरा'. जुन्या भाषेत १/१८ म्हणजे १८ नंबरचा एक पदर, १.१७ चौ. मिमी. परंतु मेट्रिक पद्धतीत एकपदरी ॲल्युमिनियम तारेवर १/१.८० असे लिहिलेले असते. तेथे १.८० हा नंबर नसून मिलिमीटरमधला व्यास आहे आणि त्याचे क्षेत्रफळ होते २.५ चौ. मिमी. बोलताना दोन्हींचा उच्चार 'एक-अठरा' असाच होऊ शकतो. एका दशांश चिन्हाच्या फरकाने तार दुपटीहून अधिक जाड किंवा निम्म्याहून बारीक ठरते. १/१.४० च्या बाबतीत हाच घोळ उलट्या दिशेने होतो : १.४० मिमी. व्यासाची तार १.५ चौ. मिमी. भरते, तर १४ नंबरची ३.२४ चौ. मिमी. म्हणून चिठ्ठीवर आणि फोनवर मागणी सांगताना 'नंबर', 'मिलिमीटर' की 'चौरस मिलिमीटर', हा शब्द आकड्यापुढे आलाच पाहिजे.

ब्रिटिश आणि अमेरिकन नंबरांतही अशीच गल्लत होते. अमेरिकन १२ नंबर ३.३१ चौ. मिमी.चा, तर ब्रिटिश १२ नंबर ५.४८ चौ. मिमी.चा. सुदैवाने घरगुती वापराच्या पट्ट्यात एक सोपा मेळ जमतो. अमेरिकन नंबरात दोन मिळवले की जवळपास तेवढ्याच जाडीचा ब्रिटिश नंबर मिळतो. अमेरिकन ८, १०, १२ आणि १४ हे अनुक्रमे ब्रिटिश १०, १२, १४ आणि १६ च्या अगदी निकट आहेत. त्यापलीकडच्या बारीक तारांना मात्र हा नियम लावू नये.

बारा व्होल्टची परीक्षा

तार थोडी बारीक झाली तर काय बिघडते, याचे उत्तर व्होल्टेजवर अवलंबून आहे आणि डोंगराळ भागात वापरल्या जाणाऱ्या सौरसंचांत ते स्पष्ट दिसते. समजा, बारा व्होल्टच्या बॅटरीपासून वीस मीटरवर एकूण ३६ वॅटचे दिवे आणि पंखा आहे. विद्युतप्रवाह झाला ३ अँपिअर. जाण्या-येण्याची मिळून तार चाळीस मीटर. तांब्याचा विशिष्ट रोध ०.०१७५ धरला, तर १८ नंबरच्या तारेचा एकूण रोध सुमारे ०.६ ओहम येतो आणि तारेतच १.८ व्होल्ट खर्ची पडतात. म्हणजे पंधरा टक्के. टोकाला उरतात जेमतेम १०.२ व्होल्ट. बॅटरी पूर्ण भरलेली असूनही टोकावरच्या उपकरणाला ती उतरलेली भासते. २.५ चौ. मिमी.च्या तारेत ही घट सात टक्के, ४ च्या तारेत ४.४ टक्के आणि ६ च्या तारेत तीन टक्क्यांच्या आत येते.

आता हेच ३६ वॅट २३० व्होल्टवर चालवले, तर प्रवाह अवघा ०.१६ अँपिअर आणि त्याच बारीक तारेतली घट व्होल्टच्या दहाव्या भागाहूनही कमी. शहरातल्या घरात न जाणवणारी चूक सौरदिव्याच्या वस्तीत अंधार आणते, ती यामुळे. शिवाय दोष तारेचा असूनही ठपका पडतो तो बॅटरीवर किंवा सौरपट्टीवर. नवी बॅटरी आणली जाते आणि दिवा तसाच मंद राहतो. आरोग्य केंद्रात लस २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात राखावी लागते. तेथील शीतपेटीला पुरेसे व्होल्टेज पोचते की नाही, हा तर केवळ सोयीचा प्रश्न नव्हे.

मोटार, ॲल्युमिनियम आणि फ्यूज

वऱ्हाडातील संत्र्याच्या बागा आणि कपाशीची शेते पंपावर अवलंबून आहेत. व्होल्टेज घसरले की मोटार अधिक प्रवाह ओढते, तापते आणि तिचे वाइंडिंग जळते. ती पुन्हा भरणाऱ्या कारागिरांचे काम आजही बव्हंशी ब्रिटिश नंबरांत चालते. हवा तो नंबर उपलब्ध नसेल, तर दोन बारीक तारा जोडीने वापरतात. तेथे व्यासांची बेरीज करून चालत नाही, क्षेत्रफळांची करावी लागते. २२ नंबरच्या एका तारेऐवजी २५ नंबरच्या दोन तारा घेतल्या, तर क्षेत्रफळ ०.३९७ ऐवजी ०.४०५ चौ. मिमी. येते आणि हिशेब जुळतो. व्यास निम्मा म्हणून दोन तारा पुरतील, हा समज मात्र घातक आहे. निम्म्या व्यासाच्या चार तारा मिळून मूळ तारेची बरोबरी होते.

दुसरी काळजी धातूची. तांब्याच्या टंचाईमुळे भारतात अनेक दशके घरांमध्येही ॲल्युमिनियमच्या तारा घातल्या गेल्या. ॲल्युमिनियमची वाहकता तांब्याच्या सुमारे ६१ टक्के आहे. त्यामुळे २.५ चौ. मिमी. ॲल्युमिनियमचे काम साधारणपणे १.५ चौ. मिमी. तांबे करते. नंबर किंवा क्षेत्रफळ सांगताना धातूचे नाव न सांगणे, म्हणजे अर्धाच पत्ता देणे होय.

फ्यूजच्या तारेत तर मिलिमीटरच्या अपूर्णांकाला महत्त्व आहे. कल्हई केलेल्या तांब्याच्या फ्यूज तारेसाठी ब्रिटिश नियमांत ५ अँपिअरला ०.२० मिमी. आणि १५ अँपिअरला ०.५० मिमी. असे व्यास दिलेले आहेत. किटकॅट फ्यूज उडाला की हाताशी असलेल्या वायरीतला एखादा पदर त्यात गुंडाळण्याची सवय सर्वत्र आढळते. तो पदर किती जाडीचा आहे, हे कोणी पाहत नाही. ०.२० च्या जागी ०.५० ची तार बसली की फ्यूजची मर्यादा तिप्पट होते. मग आधी वितळते ती फ्यूजची तार नव्हे, भिंतीतली तार तापते.

खांबांवरच्या उघड्या तारांनी नंबरांचा हा गुंता वेगळ्याच रीतीने सोडवला. पोलादी गाभ्याच्या ॲल्युमिनियम तारांना ब्रिटिश परंपरेने प्राण्यांची नावे दिली आणि ती भारतात रुळली. 'स्क्विरल' म्हणजे खार २० चौ. मिमी.ची, 'वीझल' ३० ची, 'रॅबिट' म्हणजे ससा ५० चा, 'रॅकून' ८० चा आणि 'डॉग' १०० चा. प्राणी जितका मोठा, साधारणपणे तितकी तार जाड. निदान येथे क्रम उलटा नाही.

खरेदीपूर्वी

जुन्या तारेचे माप घ्यायचे असेल, तर प्रथम पुरवठा बंद करून आवरण सोलावे, पदर मोजावेत आणि एका पदराचा व्यास मायक्रोमीटरने घ्यावा. आवरणासकट जाडी मोजून काहीही निष्पन्न होत नाही. जाड आवरणाखाली बारीक धातू सहज लपतो. नव्या तारेवर आयएस क्रमांक, धातू आणि चौरस मिलिमीटर छापलेले पाहावे. छापलेले क्षेत्रफळ नाममात्र असते आणि मानकाची खरी कसोटी रोधाची असते, हेही ध्यानात ठेवावे. १.५ चौ. मिमी.च्या साध्या तांब्याच्या वाहकाचा रोध किलोमीटरला १२.१ ओहमहून अधिक असता कामा नये. अतिलवचीक, बारीक पदरांच्या तारेला ही मर्यादा १३.३ ओहम आहे. अर्थिंगसाठी ८ नंबरची जीआय तार लिहिली असेल आणि दुकानात ४ मिमी.ची असेल, तर ती घेण्यास हरकत नाही. क्षेत्रफळात तीनच टक्क्यांचा फरक पडतो. परंतु '८' हा आकडा पाहून ८ मिमी.ची तार आणली, तर चौपट धातूचे पैसे मोजावे लागतील.

जुनी बोली टाकून द्यावी, असा याचा अर्थ नाही. 'सात-वीस' म्हणणारा वायरमन पदर आणि जाडी दोन्ही एका दमात सांगतो. चौरस मिलिमीटर त्यांचा गुणाकार सांगते. दोन्ही माहीत असलेला कारागीर जुन्या भिंतीतली तारही ओळखतो आणि नव्या वेटोळ्यावरचा छापही वाचतो. चिठ्ठीवर नंबराशेजारी क्षेत्रफळ आणि धातू हे दोन शब्द अधिक लिहिण्याने घाटातली एक फेरी वाचते. आणि वीस मीटर पलीकडच्या खोलीतला दिवा पुऱ्या उजेडाने लागतो.